खाडा की रजा? स्वतःची कामं घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भांडुपला राहतो आणि वायरिंगची कामं घेतो. बारा वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे होतो, गेली सतरा वर्षं स्वतःची कामं करतोय. लोहार चाळीत, मुंबईच्या इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात, माल भरायला गेलो की चहाच्या टपरीवर नव्याने धंद्यात पडलेली मुलं भेटतात. वायरमन, प्लंबर, सुतार, एसीवाले. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं. काम आहे, पैसेही बरे मिळतात, पण सुट्टी घेतली की पोटात गोळा येतो. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवतोय.

सुट्टी घेतली की त्या दिवसाचा धंदा बुडतो. मग सुट्टी परवडणार कशी?

माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या तोंडी दोन वेगळे शब्द असायचे, खाडा आणि रजा. खाडा म्हणजे कामावर गेलो नाही, पैसे कापले. रजा म्हणजे हक्काची, पगार चालू. मे महिन्यात ते गावी जायचे ते रजेवर. खाडा करून ते गावी गेल्याचं मला आठवत नाही.

आपण स्वतःची कामं घ्यायला लागलो की आपल्या सगळ्या सुट्ट्यांचे खाडे होतात, कारण दर ठरवताना आपण रजा त्यात धरलेलीच नसते. नोकरदाराला रजा कायदा देतो. आपल्याला ती आपल्या दरातूनच मिळवावी लागते. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

वर्षाला किती दिवस रजा धरावी?

मी एक माप लावतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वीस किंवा जास्त माणसं (2025 च्या दुरुस्तीआधी दहा) असलेल्या दुकानात किंवा ऑफिसात कामगाराला आठवड्याची सुट्टी सोडून 8 दिवस नैमित्तिक रजा आणि 8 सणाच्या पगारी सुट्ट्या मिळतात. वर्षात 240 दिवस भरले असतील तर दर 20 दिवसांमागे एक दिवस अर्जित रजाही मिळते. म्हणजे 240 दिवसांचे 12. एकूण 28 दिवस झाले.

काउंटरवर बसून ट्यूबलाइट विकणाऱ्या मुलाला 28 दिवस मिळत असतील, तर घोड्यावर (शिडीवर) चढून तीच ट्यूबलाइट लावणाऱ्याला निदान तेवढे तरी मिळायला हवेत. मी रविवार सोडून 32 दिवस धरतो. त्यात आजारपणाचे 7 आले.

दर कसा काढायचा? आकड्यात सांगा.

कागद घ्या आणि 365 लिहा.

रविवार 52 गेले, राहिले 313. सणाचे 10 काढले, 303. गावचे 15 काढले, 288. आजारपण आणि घरची कामं 7, म्हणजे 281. आता एक गोष्ट अशी आहे जी कोणीच मोजत नाही. साइट बघायला जाणं, कोटेशन बनवणं, माल आणणं, वसुलीला खेटे घालणं, यात आठवड्याचा एक दिवस जातोच. वर्षाचे 48 धरा. 233 उरले. शेवटी बिनकामाचे दिवस. सोसायटीची परवानगी आली नाही, फरशीवाल्याचं आटपलं नाही, पाणी भरून गाड्या बंद पडल्या, पार्टी (गिऱ्हाईक) परदेशात आहे. माझ्या वहीत हे वर्षाला तेवीसएक निघतात. उरले 210.

वर्षाला पैसे देणारे दिवस हे एवढेच, 210.

आता दुसऱ्या बाजूला खर्च मांडा. उदाहरणासाठी घरखर्च महिना 45,000 म्हणजे वर्षाला 5,40,000. म्हातारपण आणि अडीनडीसाठी 1,20,000. फोन, प्रवास, हत्यारं, विमा, हिशोबनीस यांचे 90,000. बेरीज 7,50,000. भागिले 210. दिवसाला साधारण 3,570 रुपये.

बहुतेक मुलं काय करतात? 45,000 ला 30 ने भागतात आणि 1,500 रुपये सुटले की खूश होतात. त्या 1,500 मध्ये रविवार नाही, गणपती नाही, ताप नाही, म्हातारपण नाही. त्यातून रजा कुठून निघणार? आकडे माझे घेऊ नका, तुमचे टाका. पण 365 पासूनची वजाबाकी एकदा स्वतःच्या हाताने कराच. पहिल्यांदा केली तेव्हा मी रात्री दीडपर्यंत जागा होतो. सहा वर्षं आपण कोणत्या दराने काम केलं ते त्या रात्री मला कळलं.

दिवसाचे साडेतीन हजार सांगितले तर पार्टी पळून जाईल.

पार्टीला दिवसाचा दर सांगायचाच नाही. तो आपल्यासाठी असतो. पार्टीला पॉइंटचा (एकेका दिव्याच्या, पंख्याच्या किंवा प्लगच्या जागेचा) दर द्या, किंवा पूर्ण फ्लॅटचा एकगठ्ठा लेबर रेट द्या. कामाला स्वतःचे किती दिवस लागणार ते आत मोजा, त्याला आपल्या दराने गुणा, हेल्परची हजेरी मिळवा आणि तो आकडा पॉइंटवर पसरा.

तरी काही पार्ट्या जातील. जाऊ द्या. ज्या वर्षी मी दर वाढवला त्या वर्षी तीन कामं हातची गेली आणि उरलेल्या कामांत मागच्या वर्षीपेक्षा जास्त पैसे सुटले.

दर वाढवायला जागाच नसेल तर ते 48 दिवस कमी करा. लोहार चाळीची फेरी आठवड्यातून एकदाच करा, यादी आदल्या रात्री करून ठेवा. नुसतं बघायला बोलावणाऱ्यांकडून व्हिजिटचे पैसे घ्या, काम मिळालं तर बिलातून वजा करा. ज्याला खरंच काम करायचं आहे तो हे पैसे देतो.

मुंबईत रजा कधी घ्यावी? कामाचा जोर कधी असतो?

हा माझा आवडीचा प्रश्न. आपल्या धंद्याला वर्षाची एक चाल आहे आणि ती भिंतीवरच्या कालनिर्णयात दिसते.

एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा हा आपला सुगीचा काळ. मुलांच्या शाळा बंद, घरची माणसं गावी, घर मोकळं. शिवाय पावसाआधी आटपायची घाई. मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनच्या आसपास येतो आणि शाळाही जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून सगळ्यांना 10 जूनच्या आत घर हवं असतं. या दिवसांत मी रजा घेत नाही. लग्नाची आमंत्रणं संध्याकाळची उरकतो.

पाऊस लागला की हवेतला दमटपणा वाढतो. पीओपी आणि पुट्टी लवकर वाळत नाही, म्हणून लोक मोठी कामं पुढे ढकलतात. फुटकळ कॉल मात्र खूप येतात. भिंतीत ओल आली, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडतोय, मीटर रूममध्ये पाणी शिरलं. हे कॉल कोणीही चांगला वायरमन घेऊ शकतो. त्यामुळे जुलैचे सहा-सात दिवस मी गावी लावणीला जातो. लोकांना वाटतं जुलैत काय गावी जायचं, पण कोकणात घराला माणसं लागतात ती तेव्हाच. आणि मुंबईत त्या आठवड्यात माझं कमीत कमी नुकसान होतं.

मग गणपती. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

गणपतीनंतर पितृपक्ष. या पंधरवड्यात नवीन घराचं काम सहसा कोणी सुरू करत नाही. चालू कामं चालतात, पण नवीन अ‍ॅडव्हान्स येत नाही. हे माहीत नसलेला मुलगा त्या पंधरा दिवसांत घाबरून पडेल त्या भावाने काम उचलतो. घाबरू नका. मी या काळात वसुली करतो, हत्यारांची डागडुजी करतो, घरातली रखडलेली दुरुस्ती करतो, आणि दोन दिवस नुसता झोपतो.

घटस्थापना झाली की दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रत्येकाला दसऱ्याला नाहीतर लक्ष्मीपूजनाला घर लागतं. दिवाळीनंतर पुन्हा चारआठ दिवस शांतता. जानेवारी ते मार्च काम एका लयीत चालतं. सोसायट्यांची कामं असतील तर बिलं मार्चच्या पहिल्या आठवड्यातच द्या. 31 मार्चला त्यांचे हिशोब बंद होतात, त्याआधी चेक निघाला तर निघाला.

ही चाल दरवर्षी थोडी सरकते. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला. म्हणजे पावसाळा संपता संपता गणपती, लगेच पितृपक्ष, आणि दिवाळी थेट नोव्हेंबरात. कॅलेंडर हातात आलं की पहिल्या दिवशीच हे सगळं मांडून घ्या. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायको रजेच्या दिवसांना लाल पेनाने चौकट करते. चौकट असलेल्या तारखेला मी पार्टीला शब्द देत नाही. दिला तर आधी घरी उत्तर द्यावं लागतं.

गणपतीला गावी जायचंय आणि काम अर्धवट आहे. पार्टी सोडत नाही. काय करू?

पार्टीला गणपतीच्या आठवड्यात सांगितलंत तर ती सोडणारच नाही, आणि तिचंही चुकत नाही. सांगायची जागा कोटेशनमध्ये आहे. माझ्या कोटेशनच्या खाली एक ओळ कायम असते: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम बंद राहील." मुंबईत गणपतीला गावी जाणाऱ्याला कोणी वाईट म्हणत नाही, फक्त आधी माहीत हवं.

तिकिटाचंही तसंच. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस होतं. 12 सप्टेंबरच्या गाडीचं बुकिंग 14 जुलैला सकाळी आठला सुरू होतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. तिकीट काढलं की पार्टीला त्याच दिवशी तारीख सांगा. तिकीट झालंय म्हटल्यावर घासाघीस होत नाही.

निघण्याआधी काम कुठवर आणायचं हेही ठरलेलं हवं. अर्धवट वायरिंग टांगलेलं सोडून गाडीत बसू नका. ज्या खोलीचं काम हातात आहे ती पूर्ण करा. उघड्या टोकांना कनेक्टर लावून टेप मारा. डीबीत (एमसीबींच्या पेटीत) कोणता एमसीबी कशाचा हे चिठ्ठी लावून लिहा, जे सर्किट अपुरं आहे त्याचा एमसीबी खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावा. सगळ्याचे फोटो काढा आणि पार्टीला पाठवा. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो, पण मग गावी आरतीच्या वेळी फोन वाजत नाही.

रजेवर असताना फोन बंद ठेवावा का?

बंद नको, पण दुसऱ्याकडे वळवलेला असावा. मी आणि मुलुंडचा एक वायरमन मित्र गेली नऊ वर्षं एकमेकांची बदली करतो. मी गावी असलो की माझे कॉल तो घेतो, तो देवदर्शनाला गेला की त्याचे मी. नियम दोनच. बदलीच्या कॉलचे पैसे जो जातो त्याचे. आणि एकमेकांची पार्टी फोडायची नाही. या दुसऱ्या नियमावर सगळं चालतं, म्हणून माणूस निवडताना कारागिरीइतकाच शब्द बघा.

रविवारी काम करावं का?

नाही. बहुतेक सोसायट्या रविवारी ठोकाठोक करू देत नाहीत आणि मेगाब्लॉकमुळे जायला-यायला दुप्पट वेळ लागतो. पण हे झालं वरवरचं कारण. खरं कारण मला एका गिझरने शिकवलं.

काही वर्षांपूर्वी एप्रिल-मेमध्ये मी सलग एकेचाळीस दिवस काम केलं. शेवटच्या दिवशी परळच्या एका फ्लॅटमध्ये डीबी बांधत होतो. दोन आरसीसीबी होते, एक लाइट-पंख्यांचा, दुसरा गिझर आणि एसीचा. रात्रीचे नऊ वाजलेले. गिझरचा न्यूट्रल (परतीची वायर) मी पहिल्या आरसीसीबीच्या लिंकवर (न्यूट्रलच्या पट्टीवर) कसला आणि झाकण लावून घरी गेलो. आरसीसीबी आत गेलेला आणि परत आलेला करंट तोलून बघतो, फरक 30 मिलीअँपिअरपर्यंत गेला की लाइन तोडतो. एकाकडून गेलेला करंट दुसऱ्याकडून परत येत असल्यावर दोन्ही पडणारच. दुसऱ्या दिवशी गिझर लावला की अख्खं घर बंद. घरात म्हातारी आई आणि तान्हं बाळ. मी तीन तास एकेक वायर सोडवत बसलो. नोकरीतल्या पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट होती ही, पण थकलेल्या हाताला दिसली नाही.

आरसीसीबीने लाइन तोडली म्हणून कोणाला इजा झाली नाही. आपल्या कामात थकवा असा दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो. त्या दिवसापासून रविवार बंद.

पैसे वेळेवर येत नाहीत. रजेसाठी शिल्लक कुठून टाकू?

हप्ते बांधा. माझी पद्धत अशी: काम सुरू करताना 40 टक्के, भिंती कापून पाइप टाकले की 30, वायरी ओढल्या की 20, आणि हँडओव्हरला 10. शेवटचा हप्ता लहान ठेवला की तो अडकला तरी आपण अडकत नाही. एकदा एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे मी उलटं केलं होतं, शेवटी 50 टक्के. ते पैसे यायला अकरा महिने लागले आणि त्या वर्षी आम्ही गणपतीला गेलो नाही. वडील तेव्हा होते. त्यांना फोनवर काय सांगितलं ते अजून आठवतं.

उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, करून घ्या. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे आहेत. मात्र मालासकट घेतलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागतो का, यावर कोर्टात वाद झालेत. म्हणून भरवसा हप्त्यांवरच ठेवा.

पैसे आले की कुठे ठेवायचे?

धंद्याचं खातं वेगळं आणि घरचं वेगळं. दर महिन्याच्या 1 तारखेला धंद्याच्या खात्यातून घरी ठरलेला पगार पाठवा. मेमध्ये भरपूर आले तरी तेवढाच, पितृपक्षात काही आलं नाही तरी तेवढाच. तिसरं एक खातं रजेचं. प्रत्येक जमा रकमेतून लेबरच्या पैशांचे 10 टक्के मी त्यात टाकतो. गावी गेलो की खर्च त्याच खात्यातून होतो, म्हणून गावी बसून हिशोब करायची वेळ येत नाही. सुरुवातीला कमीत कमी तीन महिन्यांचा घरखर्च धंद्याच्या खात्यात साठेपर्यंत जरा कळ काढावी लागते.

म्हातारपणासाठी पीपीएफ साधं आहे. वर्षाला 500 ते दीड लाख, मुदत 15 वर्षं.

टॅक्स आणि जीएसटीचं काय?

थोडक्यात सांगतो, बाकी हिशोबनिसाला विचारा. लहान धंद्यासाठी 44एडी म्हणून ओळखली जाणारी पद्धत आहे. उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर बँकेतून आलेल्या रकमेच्या निदान 6 टक्के आणि रोखीच्या निदान 8 टक्के नफा धरायचा, जास्त सुटला असेल तर जास्त दाखवायचा. या पद्धतीत आगाऊ कर एकदाच, 15 मार्चपर्यंत. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला 2,500.

सोसायटी किंवा कंपनीने एका बिलाला 30,000 च्या वर किंवा वर्षभरात लाखाच्या वर दिले तर ती 1 टक्का टीडीएस कापते. पॅन दिला नाही तर 20 टक्के. रिटर्न भरा, कर बसत नसेल तर कापलेले पैसे परत येतात. माझा रिफंड रजेच्या खात्यातच जातो.

जीएसटीची मर्यादा सेवेसाठी वर्षाला 20 लाख. ती उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही. मालासकट कामं घेतलीत तर वायर आणि स्विचच्याच पैशांनी ती ओलांडली जाते. तुम्ही मर्यादेच्या जवळ असाल तर माल पार्टीला दुकानातून थेट घ्यायला सांगा.

आजारी पडलो किंवा पडून लागलं तर?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख. जीवनज्योती 436 रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यूला 2 लाख. दोन्ही घ्याच. पण पाय मोडून सहा आठवडे घरी बसलात तर यातून काही मिळत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विम्यात काम बंद असलेल्या आठवड्यांची भरपाई देणारं कलम असतं, ते विचारून घ्या. आणि पावसात तुंबलेल्या पाण्यात उतरला असाल तर ताप यायची वाट बघू नका. लेप्टोची (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी डॉक्टर आधी देतात, महापालिकेच्या दवाखान्यातही मिळते.

माझ्याकडे दोन हेल्पर आहेत. मी रजेवर गेलो की त्यांची हजेरी बुडते.

हो, आणि आपण रजा घेऊन त्यांच्या माथी खाडा मारणं बरोबर नाही. माझे दोघे बिहारचे. छठला ते जातातच, दिवाळीनंतरची शांतता असते तेव्हा. माझ्या गणपतीच्या दिवसांत मी त्यांना मित्राच्या साइटवर लावून देतो, आणि तिथे जागा नसेल त्या दिवसांची अर्धी हजेरी देतो. हे पैसेही दरात धरलेले असतात. त्यातला एक सात वर्षं माझ्याकडे आहे.

मे महिन्यात तीन कामं एकदम आली. एकही सोडवत नाही.

एक घ्या. दुसऱ्याला जुलैची तारीख द्या. तिसरं बदलीच्या मित्राकडे पाठवा. तीन घेतलीत तर तिन्हीकडे शिव्या खाल.

हे वायरमनच्या बायकोने विचारलं होतं: "ते घरी असले तरी फोनवरच असतात. ही कसली सुट्टी?"

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्या घरी हे भांडण तीन वर्षं चाललं. मग बायकोनेच तोडगा काढला. रजेच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते दहा मी फोन घेतो, वहीत लिहितो, बदलीला सांगतो. दहाला फोन तिच्या ताब्यात. पहिल्या वर्षी ती अर्ध्या तासाने फोन आणून विचारायची, "देऊ का?" आता फोन देवघराशेजारच्या फळीवर पडून असतो आणि दुपारी पडवीत मुलगी मला मखराच्या माळेतला बंद पडलेला बल्ब शोधायला बसवते.